एपिसोड उचलून यूट्यूबवर ठेवला म्हणजे वाहिनी ऑनलाइन झाली का?

टाइमकोड

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. मी सोळा वर्षं एडिटिंग टेबलवर आहे. पहिली दहा एका वाहिनीच्या कार्यक्रम विभागात, नंतरची सहा तिच्याच डिजिटल डेस्कवर.

मागे बावीस मिनिटांचा एक एपिसोड माझ्याकडे आला. सोबत एका ओळीचा निरोप: "टीव्हीवर झालाय, आता यूट्यूबवर टाकून द्या." जुन्या धरणाच्या दरवाज्यांची दुरुस्ती करणाऱ्या पाणबुड्यांवरचा कार्यक्रम होता. शूटिंग अप्रतिम. आहे तसा टाकला. प्रेक्षक किती वेळ टिकतात त्याचा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटात कड्यावरून दगड पडावा तसा खाली आला. मला ते फार लागलं, कारण त्या टीमने थंड पाण्यात उतरून काम केलं होतं.

मग टाइमलाइन उघडली आणि मोजायला बसलो. शीर्षक आणि प्रायोजकांच्या पाट्या, पन्नास सेकंद. आज काय काय पाहणार आहोत ते अँकर सांगणार. ब्रेकआधी "पाहत राहा", ब्रेकनंतर "पुन्हा एकदा स्वागत", आणि लगेच आधी काय झालं त्याची उजळणी. असे तीन ब्रेक. शेवटी पुढच्या भागाची झलक. हे सगळं बाजूला काढल्यावर हातात राहिली साडेतेरा मिनिटं.

टीव्हीवर यातलं काहीही चुकीचं नव्हतं. रिमोट फिरवत मध्येच कुणी येणार, त्याला संदर्भ मिळावा म्हणून उजळणी. ब्रेकमध्ये उठून गेलेला परत यावा म्हणून "पाहत राहा". पण ज्याने स्वतः त्याच व्हिडिओवर बोट ठेवलंय, त्याला हे सगळं दारात अडवून धरल्यासारखं वाटतं.

अकराव्या मिनिटाला एक पाणबुड्या सांगतो की खाली गढूळ पाण्यात स्वतःचा पंजाही दिसत नाही, लोखंडाची झीज बोटांनी चाचपून ओळखावी लागते. सांगता सांगता तो नकळत हवेत बोटं फिरवतो. तो शॉट मी अगदी सुरुवातीला आणला आणि तिथून गोष्ट उलगडत नेली. नवा कट वर गेल्यावर आलेख शेवटपर्यंत सावकाश उतरत राहिला. खाली प्रतिक्रियांत लोक एकमेकांना धरणाच्या दरवाज्यांचे प्रकार समजावून सांगत होते.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुन्या माध्यम कंपन्यांकडे जे आहे ते अजूनही कुणाकडे नाही: साठवलेलं फुटेज, शिकलेली माणसं, बातमी दोनदा तपासण्याची सवय. कमी पडतं ते पुन्हा टेबलवर बसून कापायला लागणारा वेळ आणि परवानगी. पंधरा-वीस वर्षांत या कंपन्यांनी खटले लढवले, अॅप काढली, ती बंद केली, पुन्हा काढली. या कामाकडे मात्र फार कमी जणांनी नीट पाहिलं.

सुरुवातच भांडणाने झाली होती. डिसेंबर २००५मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीच्या एका विनोदी कार्यक्रमातला छोटा तुकडा यूट्यूबवर प्रचंड पाहिला गेला आणि फेब्रुवारी २००६मध्ये एनबीसीने तो काढायला लावला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच एनबीसीने यूट्यूबशी प्रसिद्धीचा करार केला! ऑक्टोबर २००६मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलरला यूट्यूब घेण्याचं जाहीर केलं आणि मार्च २००७मध्ये एमटीव्हीची मालक असलेल्या व्हायकॉमने यूट्यूबवर १०० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला. तो २०१४पर्यंत चालला आणि शेवटी तडजोडीने मिटला. यूट्यूबने कोर्टात असंही मांडलं, की व्हायकॉमची स्वतःची माणसं गुपचूप तिथे क्लिप चढवत होती, प्रसिद्धीसाठी. एकाच कंपनीतला कायदा विभाग आणि प्रसिद्धी विभाग विरुद्ध दिशांना ओढत होते. मी काम करतो तिथे ही ओढाताण आजही दिसते.

तुम्ही या क्षेत्रात असाल, किंवा नुसते प्रेक्षक असाल, तुमचा अनुभव लिहा.

मोजपट्टी

चांगला धागा. मी जाहिरात-विक्रीच्या बाजूने पाहिलंय, म्हणून पैशाचं लिहिते. त्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही.

केबलच्या जमान्यात वाहिनीला दोन बाजूंनी पैसा यायचा. एक जाहिरातींचा. दुसरा प्रत्येक जोडणीमागे, मग त्या घरात ती वाहिनी कुणी लावो न लावो. हा दुसरा पैसा इतका निवांत होता की त्यावर अख्खे स्टुडिओ उभे राहिले. स्ट्रीमिंगमध्ये तो निवांतपणा गेला. ग्राहक एका मालिकेसाठी येतो, ती संपली की दोन बटणं दाबून बाहेर पडतो. दर महिन्याला त्याचं मन नव्याने जिंकावं लागतं.

हे धोकादायक आहे हे वरच्या लोकांना वेळेत दिसलं नाही. २०१०मध्ये एचबीओ वाहिनीची मालक असलेल्या टाइम वॉर्नर कंपनीचे प्रमुख जेफ ब्यूक्स यांनी नेटफ्लिक्सची तुलना जग जिंकायला निघालेल्या अल्बेनियाच्या सैन्याशी केली होती. आणि त्याच काळात बरेच स्टुडिओ आपले जुने चित्रपट आणि मालिका नेटफ्लिक्सला भाड्याने देत होते, कारण तो आयता पैसा वाटत होता. प्रेक्षकाला नेटफ्लिक्सची सवय लागली ती यांच्याच मालावर.

मग उलटा झोका. डिस्नेने २०१७मध्ये आपले चित्रपट नेटफ्लिक्सवरून काढून घेण्याचं जाहीर केलं. १२ नोव्हेंबर २०१९ला डिस्ने प्लस सुरू झालं आणि पहिल्याच दिवसात एक कोटी लोकांनी नोंदणी केली. पण २०२२च्या जुलै ते सप्टेंबर या एका तिमाहीत डिस्नेच्या स्ट्रीमिंग विभागाचा तोटा जवळपास १४७ कोटी डॉलर होता. पूर्ण स्ट्रीमिंग व्यवसाय पहिल्यांदा नफ्यात आला तो २०२४च्या एप्रिल ते जूनमध्ये, आणि नफा होता ४.७ कोटी डॉलर. तोट्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने तर २०२३मध्ये एचबीओच्या काही मालिका पुन्हा नेटफ्लिक्सला भाड्याने दिल्या.

प्रेक्षक कुठे गेला याबद्दल आता वादच उरलेला नाही. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन या कंपनीच्या मोजणीत मे २०२५मध्ये अमेरिकेत टीव्हीच्या पडद्यावर जेवढा वेळ काही पाहिलं गेलं, त्यात स्ट्रीमिंगचा वाटा ४४.८ टक्के होता. केबल आणि प्रक्षेपण मिळून ४४.२. एकट्या यूट्यूबचा १२.५. आणि हे मोबाइलचे आकडे नाहीत, बैठकीतल्या मोठ्या पडद्याचे आहेत.

रनडाउन

टाइमकोड, धरणाच्या एपिसोडचं अगदी पटलं. पण व्यवस्थापनाला एकदम दोषी धरू नये असं मला वाटतं. मी आउटपुटला, म्हणजे काय कधी दाखवायचं ते ठरवणाऱ्या डेस्कवर आहे, दोन्ही बाजू रोज बघतो.

आमच्याकडे पगार अजून टीव्हीच्या जाहिरातींतून होतात. एफपीसी (कोणत्या वेळी कोणता कार्यक्रम, त्याचा तक्ता) ठरलेला, रनडाउन (कार्यक्रमातल्या मजकुराचा क्रम) ठरलेला, रात्री आठचा स्लॉट विकलेला. त्या स्लॉटचा मजकूर संध्याकाळी सहाला यूट्यूबवर गेला तर विक्री विभाग दारात उभा राहतो, आणि त्यांची बाजू खोटी नसते. उशिरा टाकला तर डिजिटलचा हात कापला जातो. रोजच्या रोज हा निर्णय घेणारा माणूस मूर्ख नसतो, दोन दगडांवर पाय ठेवून उभा असतो.

आणि काही वेळा कंपन्यांनी योग्य पाऊल उचललं तेव्हा त्यांना अडवलं गेलं. बीबीसीने कार्यक्रम ऑनलाइन दाखवणारी आपली सेवा आयप्लेयर २५ डिसेंबर २००७ला सुरू केला. त्याच सुमाराला बीबीसी वर्ल्डवाइड (बीबीसीची व्यावसायिक शाखा), आयटीव्ही आणि चॅनल ४ मिळून 'कांगारू' नावाची एक सामाईक सेवा काढणार होते. फेब्रुवारी २००९मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने ती रोखली, तिघे एकत्र आले तर बाजारात स्पर्धाच उरणार नाही म्हणून. बीबीसी आणि आयटीव्हीची सामाईक सेवा ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात आली २०१९च्या नोव्हेंबरमध्ये. दहा वर्षं हातची गेली. तोवर स्पर्धा बाहेरून येऊन घरात बसली होती.

बीबीसी थ्रीचंही उदाहरण आहे. तरुण टीव्ही बघत नाहीत म्हणून फेब्रुवारी २०१६मध्ये ती वाहिनी हवेतून उतरवून फक्त ऑनलाइन केली. १ फेब्रुवारी २०२२ला ती पुन्हा टीव्हीवर आणली. दोन्ही निर्णय घेताना समोर कागद होते, विचार होता. अंदाज चुकतात, म्हणून प्रत्येक जण झोपलेला होता असं म्हणता येत नाही.

कानोसा

मी निव्वळ प्रेक्षक. एकच मुद्दा.

माझ्या वडिलांना ऐकू कमी येतं. टीव्हीवरच्या कार्यक्रमांना अक्षरं क्वचितच असायची. आता लोक फोन आवाज बंद ठेवून बघतात म्हणून सगळे व्हिडिओवर मजकूर देऊ लागले, आणि वडील कित्येक वर्षांनी बातमी स्वतः समजून घेऊ लागले. मला विचारावं लागत नाही त्यांना. पण यंत्राने काढलेली अक्षरं तशीच सोडतात तेव्हा माणसांची नावं आणि आकडे हमखास चुकतात. एवढ्या मोठ्या संपादकीय विभागांनी निदान नावं तरी तपासून द्यावीत. आमच्यासाठी तीच बातमी असते.

टाइमकोड

कानोसा, तुमचं लिहिणं आज डेस्कवर मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्याकडेही अक्षरं यंत्रच काढतं आणि तपासायला अर्धी पाळी एक मुलगी असते. ती आजपासून नावांची यादी वेगळी ठेवते आहे.

रनडाउन, मान्य. दोषी धरण्याचा सूर लागला असेल तर तो मागे घेतो. पण एक अडचण अशी आहे जी पैशांपेक्षाही चिवट आहे, तिच्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. हक्क.

आमच्या वाहिनीच्या संग्रहात हजारो टेप आहेत. त्यातला पंचवीस वर्षांपूर्वीचा एक माहितीपट आम्ही आमच्याच चॅनलवर चढवला. काही मिनिटांत यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा दावा आला. २००७पासून ही यंत्रणा आहे, चढवलेल्या प्रत्येक व्हिडिओचा आवाज आणि चित्र ती हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून बघते. दावा होता पार्श्वसंगीताच्या एका तुकड्यावर. जुना करार शोधून काढला. त्यात शब्द होता 'प्रक्षेपण'. इंटरनेटचा उल्लेखच नाही, कारण करार करणाऱ्याच्या डोळ्यासमोर इंटरनेट नव्हतंच. निवेदकाचा करार तसाच. एका मुलाखतीत मागे लावलेल्या चित्राच्या हक्काचं काय, हे सांगायला कुणी उरलेलं नाही.

म्हणजे फिल्म आमची, कॅमेरा आमचा, माणसं आमची, आणि जाहिरातीचा पैसा जाणार चाळीस सेकंदांच्या सतारीच्या मालकाकडे. त्याचाही हक्क खराच आहे, मी नाकारत नाही. पण एका माहितीपटाचे हक्क मोकळे करायला दोन माणसांचे तीन आठवडे गेले. हजारो टेपांचं गणित तुम्हीच करा. म्हणून नव्या निर्मितीच्या प्रत्येक करारात 'सर्व माध्यमं, ज्ञात आणि पुढे येणारी' हे शब्द घालण्यासाठी आम्ही मागे लागलो आहोत.

चौथीभिंत

मी सहा वर्षं एका वाहिनीत वार्ताहर होते, आता माझं स्वतःचं चॅनल चालवते. पलीकडच्या तीरावरून थोडं.

ऑनलाइन प्रेक्षक संस्थेशी नातं जोडत नाही, माणसाशी जोडतो. वॉशिंग्टन पोस्टने २०१९मध्ये टिकटॉकवर खातं उघडलं आणि डेव्ह जॉर्गन्सन यांनी ते असं चालवलं की शंभरी ओलांडलेलं वर्तमानपत्र पोरांच्या ओळखीचं झालं. २०२५मध्ये ते बाहेर पडले आणि स्वतःची कंपनी काढली. जुन्या संस्थांना हे फार अवघड जातं. चेहरा पुढे आणायचा, तर तो उद्या निघून जाईल ही भीती. मागे ठेवायचा, तर व्हिडिओ कुणी बघत नाही.

मी निघाले त्याचं कारण पैसा नव्हता. व्हिडिओखाली आलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची मला मुभा नव्हती. प्रत्येक उत्तर वरून मंजूर होऊन यायचं, दोन दिवसांनी, "आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार" अशा भाषेत. प्रश्न विचारणारी बाई तोवर निघून गेलेली असायची. आज मी रोज एक तास फक्त उत्तरं लिहिते. पुढच्या विषयांपैकी निम्मे तिथूनच मिळतात.

पण खरं सांगते, आज माझ्यावर कुणी खटला भरला तर माझ्यामागे वकील नाही. कागदपत्रांची बातमी करताना दुसऱ्या नजरेने ती तपासणारं कुणी नाही. त्या जुन्या न्यूजरूमची किंमत बाहेर पडल्यावर कळली. ती मोडावी असं मला मुळीच वाटत नाही.

उत्तररात्र

जुन्या संस्थेने नवं माध्यम आतून समजून घेतल्याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण नॉर्वेच्या एनआरकेचं आहे. सरकारी प्रसारण संस्था, म्हणजे सगळ्यात संथ असायला हवी. तिने २०१५मध्ये 'स्काम' ही किशोरवयीन मुलांची मालिका केली.

रचना अशी: गोष्टीत जो प्रसंग मंगळवारी रात्री घडतो, त्याची क्लिप मंगळवारी त्याच वेळेला संकेतस्थळावर येणार. आधी कसली सूचना नाही. पात्रांचे एकमेकांना गेलेले मेसेज तिथे दिसायचे, त्यांची इन्स्टाग्राम खाती होती. आठवडाभराच्या क्लिप जोडून मग शुक्रवारी एपिसोड व्हायचा. मोठी जाहिरातबाजी मुद्दाम टाळली, कारण सोळा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट मैत्रिणीकडून कळायला हवी होती, आईकडून नव्हे. लेखिका-दिग्दर्शिका यूली आंदेम आणि त्यांच्या टीमने आधी कितीतरी मुलामुलींच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या.

टाइमकोड, तुम्ही एपिसोड कापून त्याच्या क्लिप करता. यांनी क्लिप लिहिल्या आणि त्यांचा एपिसोड केला. पुढे कित्येक देशांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या, पण मूळ कल्पना अशा संस्थेतून आली जिला जाहिरातीचा पैसा कमवायचा नव्हता. मला हे महत्त्वाचं वाटतं. चुकायला वेळ मिळाला त्यांना.

मोजपट्टी

+१. चुकायला वेळ मिळणं, हेच.

याच्या अगदी उलट गोष्ट म्हणजे फेसबुकच्या मागे लागून झालेली धावपळ. २०१५-१६पासून सगळे सांगत होते की आता लेख संपले, यापुढे फक्त व्हिडिओ. सप्टेंबर २०१६मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचा आकडा त्यांनी दोन वर्षं फुगवून दाखवला होता. तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणाऱ्यांना त्यांनी सरासरीतून वगळलं होतं, त्यामुळे आकडा ६० ते ८० टक्क्यांनी वाढलेला दिसत होता. जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९मध्ये तो ४ कोटी डॉलरवर मिटला. पण तोवर आणि त्यानंतरही न्यूजरूममधून लिहिणारी माणसं कमी केली जात होती. फॉक्स स्पोर्ट्सच्या संकेतस्थळाने आणि एमटीव्ही न्यूजने २०१७च्या जूनमध्ये व्हिडिओसाठी लेखकांना घरी पाठवलं. व्हिडिओ करणारेही पुढे टिकले नाहीत.

मला त्या काळातल्या बैठका आठवतात. परक्याच्या मोजपट्टीवर आम्ही माणसांची किंमत ठरवत होतो. आजही कुणी अशा आकड्यांचा तक्ता समोर ठेवला, की मी आधी विचारते: 'पाहिलं' म्हणजे किती सेकंद?

रनडाउन

अवांतर नाही, पण थोडी वेगळी वाट. ज्या एफपीसीला आपण जुना म्हणतो, तो परत आलाय. व्हायकॉमने २०१९मध्ये ३४ कोटी डॉलरला प्लूटो टीव्ही घेतलं, फॉक्सने २०२०मध्ये ४४ कोटीला टूबी. प्लूटोवर इंटरनेटवरूनच सलग वाहिन्या चालतात, फुकट, मध्ये जाहिराती, कार्यक्रमांची वेळ ठरलेली. दिवसभराच्या कामानंतर "आता काय बघू" हा निर्णय सुद्धा नको असतो माणसाला. रनडाउन लावणाऱ्याच्या कौशल्याला तिथे अजून जागा आहे, हे बघून बरं वाटलं.

आणि थेट प्रक्षेपण. जून २०२२मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या हक्कांचा लिलाव झाला. भारतीय उपखंडातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना गेले, डिजिटलचे २३,७५८ कोटींना. टीव्हीचे डिस्ने स्टारकडे, डिजिटलचे व्हायकॉम१८कडे. फेब्रुवारी २०२५मध्ये ही दोन्ही घरं जिओहॉटस्टार म्हणून एका छपराखाली आली. डिजिटल हा टीव्हीचा जोडधंदा, असं म्हणणाऱ्यांना त्या लिलावानंतर आमच्या मीटिंगमध्ये उत्तर द्यावं लागलं नाही, विषयच निघाला नाही पुन्हा.

चौथीभिंत

टाइमकोड, एक विचारायचं होतं. उभ्या व्हिडिओंसाठी तुम्ही वेगळं शूट करता की आडव्यातूनच कापता? मी कापते आणि दर वेळी मन खट्टू होतं.

टाइमकोड

कापतोच, वेगळ्या शूटला बजेट नाही. पण दोन गोष्टी बदलल्या, त्या सांगतो.

टीव्हीच्या फ्रेममध्ये माणूस एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा, अशी आमच्या कॅमेरामनना सवय. आणि खाली नावाची पट्टी, तिच्याखाली टिकर. उभ्या फोनवर खालचा पट्टा व्हिडिओच्या शीर्षकाखाली जातो आणि उजवी कड बटणांखाली. सुरुवातीला आम्ही कापलेल्या एका क्लिपमध्ये बोलणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंचं नाव पूर्ण झाकलं गेलं होतं, आणि त्यांचं ते आयुष्यभराचं काम होतं. त्यानंतर कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर टेपने दोन उभ्या रेघा मारल्या. आता शूट करतानाच महत्त्वाचं सगळं त्या रेघांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. नाव आम्ही वर, कपाळाच्या रेषेच्या बाजूला घेतो. आणि तयार एपिसोड न मागता ग्राफिक्स नसलेली स्वच्छ प्रत मागून घेतो. हे शेवटचं सर्वांत उपयोगाचं. जमत असेल तर आजच सुरू करा.

दुसरी बातमी. संग्रहातल्या टेप उतरवून घ्यायला अखेर मंजुरी मिळाली आहे. सगळ्या नाहीत, पहिल्या दोनशे. या टेप ज्यावर चालतात त्या बीटाकॅम यंत्रांची विक्री सोनीने २०१६मध्येच थांबवली. आमच्याकडे चालू अवस्थेत एकच आहे आणि ते दुरुस्त करू शकणारे गृहस्थ निवृत्त झाले आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, सोमवारी येतो, पण हेड (टेप वाचणारा भाग) साफ केल्याशिवाय एकही टेप आत घालू नका. कोणत्या दोनशे निवडायच्या यावर डेस्कवर वाद चालू आहे. ज्यांचे हक्क मोकळे आहेत त्या आधी, असं कायदा विभाग म्हणतो. ज्यांवर बुरशी चढायला लागली आहे त्या आधी, असं मी म्हणतोय.